मानसोपचारतज्ज्ञ, सायकॉलॉजिस्ट की समुपदेशक? कोल्हापुरातला माझा अनुभव

फेब्रुवारी 2024 च्या शेवटच्या आठवड्यात मला पहिला पॅनिक अटॅक आला आणि एप्रिलच्या मध्यावर मी पहिल्यांदा मानसोपचारतज्ज्ञांसमोर बसलो. मधला काळ काही तपासण्यांत गेला, पण त्याहून जास्त गेला तो नेमकं कुणाकडे जायचं हे न कळण्यात. पाट्या वाचून काही उमगत नव्हतं. एके ठिकाणी ‘माइंड क्लिनिक’, दुसरीकडे ‘समुपदेशन केंद्र’, कुणाच्या नावाआधी डॉ., कुणाच्या नावापुढे पदव्यांची लांबलचक रांग. त्या दिवसांत कुणी शेजारी बसवून नीट समजावून सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं, असं सारखं वाटायचं. म्हणून जे जसं घडलं ते तसंच, खर्चासकट आणि कागदपत्रांसकट लिहितो आहे. मी डॉक्टर नाही. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत अकाउंट्स बघतो. त्यामुळे औषधांची नावं आणि डोस इथे मिळणार नाहीत. ते माणसागणिक वेगळे असतात.

पहिला झटका आला तो दिवस स्टॉक ऑडिटचा होता. संध्याकाळी साडेसातला गेटबाहेर पडलो आणि तावडे हॉटेलच्या चौकात, पुलाखाली सिग्नलला थांबलेलो असताना छातीत धडधडायला लागलं. डाव्या हाताला मुंग्या आल्या, श्वास पुरेना, डोळ्यांसमोर अंधारी आली. आता आपण इथेच पडणार, याबद्दल मनात जराही शंका नव्हती. गाडी कशीबशी कडेला घेतली. टपरीवाल्यानं पाणी दिलं. मागून येणाऱ्या सहकाऱ्यानं मला ओळखलं आणि थेट दवाखान्यात नेलं. ईसीजी काढला, हृदयाला इजा झालीय का हे बघणाऱ्या ट्रोपोनिन तपासणीसाठी रक्त घेतलं, रात्रभर देखरेखीखाली ठेवलं. बिल साडेनऊ हजारांच्या घरात गेलं. पुढच्या आठवड्यात हृदयरोगतज्ज्ञांकडे 2डी इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि टीएमटी (चालत्या पट्ट्यावर चालवून काढलेला ईसीजी) झाली, तिथे आणखी साडेतीन हजार. सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, “हृदय ठणठणीत आहे. टेन्शन घेऊ नका.”

हे पैसे वाया गेले असं मी मानत नाही. छातीत दुखलं, श्वास अडकला तर आधी हृदयच तपासलं पाहिजे. ‘हे पॅनिकच असणार’ असं घरबसल्या ठरवण्यात जिवाला धोका आहे. ते रिपोर्ट पुढे माझ्या वेगळ्याच कामी आले, ते ओघात येईलच.

पण रिपोर्ट नॉर्मल म्हणून भीती गेली नाही. मार्चमध्ये एकदा झोपेतून उठून तसंच झालं, मग एकदा मीटिंगमध्ये. इयर एंडिंगची कामं अंगावर होती आणि मी दर तासाला नाडी मोजत बसायचो. छातीत दुखलं की हृदयरोगी जिभेखाली ठेवतात ती सॉर्बिट्रेटची गोळी खिशात ठेवायला लागलो. मोटरसायकल सोडली, कंपनीच्या बसनं जायला लागलो, त्यातही दाराजवळचीच सीट धरायची. रात्री तीनला जाग यायची ती येऊन परत डोळा लागायचा नाही. बायकोला वाटायचं मी चिडलोय. मी घाबरलोय हे सांगायला मला शब्द सापडत नव्हते.

मार्गी लावलं ते आमच्या राजारामपुरीतल्या फॅमिली डॉक्टरांनी. दीडशे रुपये फी घेणारे, आमच्या वडिलांपासूनचे डॉक्टर. त्यांनी स्टेथोस्कोप बाजूला ठेवला आणि विचारायला लागले. झोप किती, भूक किती, हे सुरू झालं की किती वेळ टिकतं, कुठल्या जागा टाळतोस, दारू-तंबाखू, चहा दिवसात किती कप, जगणं नकोसं वाटतं का. शेवटचा प्रश्न त्यांनी इतर प्रश्नांइतक्याच साध्या आवाजात विचारला, म्हणून मला त्याचं खरं उत्तर देता आलं. नाही, तसं वाटत नव्हतं. मग त्यांनी टीएसएच, हिमोग्लोबिन आणि बी12 करायला सांगितलं. थायरॉइड बिघडला तरी धडधड, घाम, घबराट होते, त्यामुळे ते आधी बघायचं. चौदाशे रुपये लागले. थायरॉइड ठीक होता, बी12 थोडं कमी निघालं, त्याच्या गोळ्या दिल्या. मग म्हणाले, “बाळ, हे पॅनिकसारखं दिसतंय. झटक्यात येतं, दहाएक मिनिटांत चढतं, मग उतरतं. यावर चांगले उपचार आहेत. पण ते माझं काम नाही.” चिठ्ठीच्या मागे त्यांनी दोन नावं लिहिली. एक मानसोपचारतज्ज्ञ, एक क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट.

दोघांची काय गरज, हे मला त्या दिवशी कळलं नाही. नंतरचा आठवडाभर रोज संध्याकाळी मी तेच शोधत बसलो. जे कळलं ते असं.

मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे सायकिअ‍ॅट्रिस्ट, हे एमबीबीएस झालेले डॉक्टर असतात. पुढे मानसोपचारात एमडी किंवा डीएनबी ही पदव्युत्तर पदवी, नाहीतर डीपीएम ही पदविका केलेली असते. निदान करणं, औषध लिहिणं, गरज पडली तर दाखल करणं हे त्यांचं काम. महाराष्ट्रात प्रॅक्टिस करणाऱ्यांचा महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक त्यांच्या चिठ्ठीवर छापलेला असतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट हे एमबीबीएस डॉक्टर नसतात. मानसशास्त्रात एमए केल्यावर क्लिनिकल सायकॉलॉजीचं दोन वर्षांचं एमफिल, तेही रुग्णालयात प्रत्यक्ष रुग्णांबरोबर काम करत, असा त्यांचा आजवरचा नेहमीचा मार्ग. त्यांची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे असते. ही परिषद 1992 च्या कायद्यानं वैधानिक झाली. नोंदलेल्या प्रत्येकाला सीआरआर क्रमांक, म्हणजे परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीतला क्रमांक मिळतो आणि तो परिषदेच्या वेबसाइटवर कुणालाही तपासता येतो. ते चाचण्या घेतात, निदानात मदत करतात आणि बोलण्यातून, सरावातून होणारे उपचार करतात, पण औषध लिहून देत नाहीत.

तिसरे समुपदेशक. इथेच सगळ्यात जास्त गोंधळ आहे. मानसशास्त्रात किंवा समुपदेशनात एमए करून, अनुभवी माणसाच्या हाताखाली वर्षानुवर्षं काम केलेले फार चांगले समुपदेशक आहेत. नात्यातले ताण, मुलांचं शिक्षण, जवळच्या माणसाचा मृत्यू, व्यसनी माणसाच्या घरच्यांची होणारी घुसमट, अशा कितीतरी गोष्टींसाठी त्यांच्याकडे जाणंच योग्य. त्यांच्याकडे आरसीआयचा क्रमांक नाही म्हणून ते खोटे ठरत नाहीत, कारण ती नोंदणी क्लिनिकल आणि पुनर्वसनाच्या कामासाठी आहे. इतर मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशकांसाठी 2021 मध्ये आरोग्यक्षेत्रातल्या संलग्न व्यवसायांचा वेगळा कायदा झाला, त्यात त्यांचा समावेश आहे. पण शनिवार-रविवारचा कोर्स करून पाटी लावणारेही याच नावाखाली बसतात. म्हणून पाटी बघायची नाही, विचारायचं.

मी डायरीत प्रश्न लिहून काढले आणि फोन करायला लागलो. पदवी कुठली, कुठून? नोंदणी आहे का, क्रमांक काय? पॅनिकवर काम केलंय का, कोणत्या पद्धतीनं? एक सेशन किती वेळाचं, फी किती, अपॉइंटमेंट रद्द केली तर पैसे जातात का? औषधाची गरज वाटली तर कुणाकडे पाठवता? पहिला फोन करताना माझा आवाज कापत होता. आपण एवढ्या शिकलेल्या माणसाची उलटतपासणी घेतोय असं वाटत होतं. पण ज्यांचं शिक्षण पक्कं होतं त्यांना या प्रश्नांचं काहीच वाटलं नाही. एका मॅडमनी तर मी विचारायच्या आतच क्रमांक सांगितला आणि “बघून घ्या वेबसाइटवर” म्हणाल्या.

एका केंद्राचा अनुभव उलटा आला. दहा सेशनचं पॅकेज, पंधरा हजार आगाऊ, शंभर टक्के गुण येणार. मॅडमची पदवी काय, असं विचारलं तर “त्या डॉक्टर आहेत” एवढंच. कसल्या डॉक्टर, याला उत्तर नाही. आत्ताच बुक केलं तर दोन हजार कमी, असंही सांगितलं. मी फोन ठेवला. मनाच्या आजारात शंभर टक्क्यांची हमी कुणीच प्रामाणिक माणूस देत नाही, हे मला तोवरच्या वाचनातून कळलं होतं. पण ज्याची झोप उडालेली आहे आणि जो कशाचाही आधार घ्यायला तयार आहे, त्याला हे कोण सांगणार? त्या फोनचा मला अजून राग येतो.

याच आठवड्यात एका रात्री दोनच्या सुमाराला परत धडधडायला लागलं. बायको-मुलं झोपलेली. गच्चीवर जाऊन मी 14416 लावला. हा टेली-मानस या केंद्र सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर, 10 ऑक्टोबर 2022 ला सुरू झालेला, चोवीस तास आणि मोफत. भाषा निवडायला सांगतात, मी मराठी निवडली. पलीकडच्या ताईंनी आधी माझा श्वास संथ करून घेतला, मग शांतपणे ऐकून घेतलं. जीवाला धोका वाटतोय का, घरी कोण आहे, याआधी तपासणी झालीय का, असं विचारलं आणि मी शोधतोय ते बरोबर आहे, अपॉइंटमेंट घ्या, असं सांगितलं. फार काही जादू झाली नाही. पण मध्यरात्री एक अनोळखी माणूस आपल्याशी मराठीत, न घाईघाईनं बोलतोय, याचं मोल त्या वेळी फार होतं.

घरी सांगणं हे मला सगळ्यात अवघड गेलं. बायकोला सांगितलं तेव्हा ती रडली, पण ते सुटल्यासारखं होऊन. “अहो, मला वाटत होतं माझंच काही चुकतंय,” म्हणाली. आईनं ऐकलं आणि म्हणाली, “जोतिबाला जाऊन येऊ.” चैत्र यात्रेची गर्दी व्हायच्या आधीच्या एका रविवारी आम्ही गेलो. गुलाल लावला, आईला बरं वाटलं, मलाही बरं वाटलं. डोंगरावरून उतरताना तिला सांगितलं, “आई, देवालाही सांगितलं आणि डॉक्टरांनाही दाखवणार आहे.” ती म्हणाली, “दाखव की. मी कुठं नको म्हणते?” दादाचं तसं झालं नाही. “अरे, तू काय वेडा आहेस व्हय? रोज सकाळी रंकाळ्याला दोन चकरा मार, सगळं जाईल.” त्याच्याशी मी वाद घातला नाही. रंकाळ्याच्या चकराही मारल्या, त्या आजही चालू आहेत आणि त्यांचा उपयोगही होतो. पण नुसत्या चकरांनी भागणारं हे नव्हतं.

मानसोपचारतज्ज्ञांची अपॉइंटमेंट पाडव्यानंतरच्या आठवड्यात मिळाली. पहिल्या भेटीची फी आठशे, पुढच्या प्रत्येक वेळी पाचशे. वेळ सहाची होती, नंबर लागला आठला. वेटिंग रूममध्ये ओळखीचं कुणी भेटेल या भीतीनं मी मान खाली घालून बसलो होतो. हळूहळू वर बघितलं. कॉलेजची पोरगी आईबरोबर, एक पोलीस, एक आजोबा, बाळाला मांडीवर घेतलेली बाई. सगळी आपल्यासारखीच माणसं. बेंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेनं 2015-16 मध्ये केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दर शंभर प्रौढांमागे दहा-अकरा जणांना कुठला ना कुठला मानसिक आजार आढळला होता. तो आकडा मी त्याच आठवड्यात वाचला होता. त्या खोलीत बसल्यावर तो खरा वाटला.

आत अर्धा तास गेला. आधी एक छापील कागद भरून घेतला, मागच्या दोन आठवड्यांत किती वेळा असं वाटलं, अशा प्रश्नांचा. उदासीसाठीचे नऊ, घबराटीसाठीचे सात, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. हे गुण म्हणजे निदान नाही, पुढच्या वेळी तुलना करायला बरे पडतात, असं डॉक्टर म्हणाले. मग घराण्यात कुणाला असा त्रास होता का, आधी कुठली औषधं चालू आहेत, काम कसं आहे, हे विचारलं. निदान त्यांनी स्पष्ट शब्दांत सांगितलं, पॅनिक डिसऑर्डर. त्या आजाराला नाव आहे हे ऐकूनच मला निम्मं हलकं वाटलं. एक रोजची गोळी, अगदी कमी डोसपासून सुरू करून वाढवायची, आणि झोपेसाठी दुसरी, ती मात्र फक्त थोड्या दिवसांपुरती. सॉर्बिट्रेट खिशातून काढून टाकायला सांगितलं. ती गोळी रक्तदाब खाली आणते, स्वतःच्या मनानं घेऊ नये.

सवय लागेल का, हे मी विचारलंच. सगळेच विचारतात म्हणाले. झोपेच्या गोळीची सवय लागू शकते, म्हणून ती मोजकीच देतात. रोजच्या गोळीची तशी ओढ लागत नाही, पण ती एकदम बंद केली तर त्रास होतो, म्हणून ती उतरवतही हळूहळू आणतात. गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात आणि पहिल्या आठवड्यात उलट जास्त बेचैन वाटू शकतं. हे आधी सांगितलं होतं म्हणूनच मी टिकलो. पहिले पाच-सहा दिवस मळमळ, पोट बिघडलेलं, अंगात कसली तरी हुरहूर. मनात दहा वेळा आलं, बंद करावी. बंद न करता दवाखान्यात फोन केला. त्यांनी जेवणानंतर घ्यायला सांगितलं. दुसऱ्या आठवड्यात ते थांबलं. औषधांचा खर्च महिन्याला साडेतीनशेच्या आसपास. एक लक्षात ठेवा, यातली काही औषधं केमिस्ट चिठ्ठीशिवाय देत नाही, म्हणून मूळ चिठ्ठी फाइलला आणि फोटो मोबाइलमध्ये ठेवा.

सायकॉलॉजिस्ट मॅडमकडे रांग मोठी होती. शनिवारचीच वेळ हवी असल्यामुळे मला मे महिन्याच्या मध्यापर्यंत थांबावं लागलं. पन्नास मिनिटांचे हजार रुपये. पुण्यात मेव्हणीनं चौकशी केली होती, तिथे दीड ते अडीच हजार सांगितले. पहिल्या दिवशी संमतीपत्र वाचायला दिलं. मी जे बोलेन ते गोपनीय राहील, पण स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, लहान मुलाच्या लैंगिक शोषणाची बाब असेल किंवा न्यायालयाचा आदेश असेल तर ती गोपनीयता मोडावी लागेल. डॉक्टरांशी माझ्याबद्दल बोलायचं का, याची वेगळी सही घेतली. असं संमतीपत्र कुणी दाखवलं नाही तर आपण होऊन विचारावं. गोपनीयतेचा हक्क आपल्याला 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं दिलेला आहे.

मला वाटलं होतं त्या मला सल्ला देतील. तसं काही झालं नाही. दुसऱ्या सेशनला त्यांनी कोरा कागद घेतला आणि माझा तावडे हॉटेलचा प्रसंग मला मिनिटामिनिटानं सांगायला लावला. मी बोलेन तसं त्या कागदावर गोलाकार लिहीत गेल्या. आधी ‘छातीत धडधड’. तिथून बाण, ‘हार्ट अटॅक येतोय’. तिथून बाण, ‘भीती’. भीतीनं शरीरात अ‍ॅड्रिनलिन सुटतं, त्यानं श्वास जलद होतो, हाताला मुंग्या येतात, आणि पुढचा बाण परत ‘धडधड’पाशी. मग त्या वर्तुळाबाहेर त्यांनी आणखी तीन शब्द लिहिले: नाडी मोजणं, गोळी, दाराजवळची सीट. म्हणाल्या, “या तीन गोष्टींनी तुम्हाला वाटतं की तुम्ही वाचलात. त्यामुळे धडधड धोकादायक नव्हती हे तुम्हाला कधी कळतच नाही.” तो कागद माझ्याकडे अजून आहे.

पुढच्या सेशनला म्हणाल्या, इको आणि टीएमटीचे रिपोर्ट घेऊन या. हृदय धडधाकट असल्याची खात्री असल्याशिवाय त्या हा सराव देत नाहीत. मग त्यांनी मला फिरत्या खुर्चीत बसवून एक मिनिट गरगर फिरवलं. नाक दाबून बारीक स्ट्रॉमधून श्वास घ्यायला लावला. जागच्या जागी पळायला लावलं. जे जे मला रस्त्यावर व्हायचं ते ते तिथे, त्या खोलीत, मुद्दाम आणलं. त्या दिवशी घरी आलो तो चिडून. पैसे देऊन त्रास विकत घेतोय असं वाटलं, आणि हे मी पुढच्या शनिवारी त्यांना तोंडावर सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. कुठला भाग जास्त झाला ते विचारलं, वेग कमी केला, पण थांबवलं नाही. तुमच्या समोरचा माणूस असं ऐकून घेतो की नाही, यावरून मला वाटतं बरंच काही कळतं.

मग शिडी तयार केली. ज्या ज्या गोष्टी मी टाळत होतो त्यांना शून्य ते शंभर भीतीचे गुण. दारातल्या गाडीवर बसणं, दहा. कावळा नाक्यापर्यंत जाऊन येणं, चाळीस. बायकोला मागे बसवून तावडे हॉटेल, साठ. एकट्यानं, संध्याकाळी साडेसातला, नव्वद. नियम एकच, भीती निम्म्यावर येईपर्यंत जागा सोडायची नाही. नाडी मोजायची नाही, कुणाला फोन करायचा नाही.

त्या नव्वदला पोहोचायला जून संपला. त्याच पुलाखाली गाडी स्टँडवर लावली आणि डायरीत आकडे लिहायला लागलो. 85. पाच मिनिटांनी 80. मग एक ट्रक कर्कश हॉर्न देत गेला आणि परत 85. घाम हातावरून कागदावर पडत होता. 70. 60. मग बराच वेळ 60. शेवटी 40 लिहिलं तेव्हा पाऊण तास होत आला होता, आणि मी पहिल्यांदा आजूबाजूला बघितलं. सांगली-मिरजेच्या गाड्या थांबत होत्या, लोक पोरंबाळं घेऊन चढत होते. टपरीवाला तोच होता. त्याला सांगून चहा घेतला.

जुलैच्या शेवटी पंचगंगेनं धोक्याची पातळी ओलांडली, रस्ते बंद झाले, तेव्हा दोन सेशन व्हिडिओ कॉलवर झाली. घरात खोली वेगळी नसल्यामुळे मी कारमध्ये बसून बोललो. चालतं. फक्त हेडफोन हवा आणि घरच्यांना आधी सांगून ठेवलेलं हवं.

पैशांविषयी मी सगळीकडे विचारून घेतलं. 2017 च्या त्याच कायद्याप्रमाणे विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच विमासंरक्षण द्यायचं आहे. आमच्या कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेममध्येही ते आहे, पण दाखल झाल्यावरच. ओपीडीची फी, सेशनचे पैसे आपल्या खिशातले. पॉलिसीतल्या ओपीडीच्या ओळी वाचून घ्या. ज्यांना हे परवडणार नाही त्यांनी थांबून राहू नये. कोल्हापुरात सीपीआर या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढायचा. आरोग्य विभागाच्या जिल्हा रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार मोफत आहेत. तिथे डॉक्टरांबरोबर बऱ्याचदा सायकॉलॉजिस्ट आणि मनोविकार क्षेत्रातले समाजसेवकही असतात. गर्दी असते, बोलायला वेळ कमी मिळतो, म्हणून त्रास एका कागदावर तारखांसकट लिहून न्यावा. आमच्या शॉप फ्लोअरवरच्या ज्यांचं ईएसआयसी, म्हणजे कामगार राज्य विमा आहे त्यांनी तिथल्या डॉक्टरांकडून रेफर करून घ्यावं. ठाण्यात आयपीएच ही मानसिक आरोग्यावर काम करणारी संस्था 1990 पासून आहे, टाटा समाजविज्ञान संस्थेची आयकॉल ही हेल्पलाइन फोनवर प्रशिक्षित समुपदेशकांशी बोलायला देते.

माझा स्वतःचा खर्च, हृदयाच्या तपासण्या सोडून, वर्षभरात पंचवीस हजारांच्या आतबाहेर झाला. ऑफिसमध्ये मी फक्त साहेबांना सांगितलं, तेही शनिवारी लवकर निघावं लागायचं म्हणून. कारण सांगण्याची सक्ती नव्हती. वैद्यकीय अपॉइंटमेंट एवढं पुरलं असतं.

सप्टेंबरमध्ये विसर्जनाच्या मिरवणुकीत एकदा मोठा झटका आला. डीजेचे ठोके छातीत बसत होते आणि ती धडधड माझी की स्पीकरची तेच कळेना. धाकट्याचा हात धरून मी तिथेच उभा राहिलो, ते वर्तुळ आठवत. वीसेक मिनिटांत उतरलं. पुढच्या सेशनला मॅडमनी त्याला ‘उलटलं’ असं म्हटलं नाही. असे मधूनमधून येतात, आपण पळून आलो नाही हे महत्त्वाचं, म्हणाल्या. त्यानंतर सेशन आधी पंधरा दिवसांनी, मग महिन्यानं केली.

औषध मात्र बरं वाटल्यावर लगेच थांबवलं नाही. बरं वाटायला लागल्यापासून आणखी नऊ महिने ते वर्षभर चालू ठेवायचं, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. 2025 च्या उन्हाळ्यात ते टप्प्याटप्प्यानं कमी करायला घेतलं. दर टप्प्याला काय होऊ शकतं आणि काय झालं तर फोन करायचा, हे त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिलं. पहिल्या टप्प्यात दोन-तीन दिवस चक्कर आल्यासारखं वाटलं, तेवढंच. फाइलमध्ये आता हृदयाचे रिपोर्ट, रक्ताच्या तपासण्या, सगळ्या चिठ्ठ्या, संमतीपत्राची प्रत आणि माझी डायरी आहे. आपल्या उपचारांच्या नोंदी मागण्याचा हक्कही त्याच कायद्यात आहे, तेव्हा दवाखाना बदलायची वेळ आली तर त्या लेखी अर्ज देऊन मागून घ्या. गेल्या महिन्यात दादानं रात्री उशिरा फोन केला. त्याच्या मुलीला, म्हणजे माझ्या पुतणीला, बारावीपासून झोप येत नाही. मी त्याला आधी फॅमिली डॉक्टरांकडे पाठवलं आणि डायरीतल्या प्रश्नांच्या पानाचा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅप केला.